गाठ कुणाची?

मी एक जुना दोर आहे. म्हणजे होतो. आता माझे दोन तुकडे आहेत. एक तुकडा चुलीवरच्या आढ्याला लटकतो, दुसऱ्याने शेळी बांधतात. तुमच्याशी बोलतोय तो आढ्याचा. शेळीकडचा आता बोलत नाही, त्याला शेळीने अर्धा चावून टाकलाय.

मित्रांनो, दोर म्हटलं की तुम्हाला विहीर आठवेल, नाहीतर बैल. मी तसला नाही. मी चढायचा दोर. तेलताडावर चढायचा. आमच्या उमुनाकू गावात माणसाची किंमत त्याच्या दोरावरून करतात, एवढं सांगितलं तरी पुरे.

मला इबेक्वेने केलं. ओढ्याकाठच्या पाणताडाच्या झावळ्या सोलून त्याने साल काढली, भिजवली, दगडावर ठेचली. मधे रानवेल घातला आणि मांडीवर पीळ देत देत मला विणलं. त्याच्या मांडीवरचे केस माझ्यात अडकायचे आणि तो शिव्या द्यायचा. मग धूर. ओला दोर धुरात मुरला नाही तर वाळवी खाते, म्हणून मला चुलीवर टांगलं. त्याची बायको अहुदिया रोज कटकट करायची.

"मासे टांगायची जागा ती. तिथे तू दोर टांगलास. आता रश्श्यात दोर शिजवू का?"

"शिजव की. मीठ तेवढं कमी घाल. माझा घाम पिऊन खारट होणारच आहे तो."

पण कटकट करता करता तिनेच आपल्या जुन्या निळ्या लुगड्याची कड फाडली आणि माझ्या पिळात घुसवली. "ही निळी चिंधी लांबून दिसेल," म्हणाली. "सगळे पुरुष झाडावर सारखेच दिसतात, पाठ आणि दोन तळवे. मला कळायला हवं, माझा कुठला ते."

तेव्हापासून अख्खं गाव मला निळ्या चिंधीचा दोर म्हणायचं. किती फुशारलो होतो मी! त्याच चिंधीने पुढे माझा घात केला, पण ते नंतर.

आधी चढणं कसं असतं ते सांगतो. दोर खोडाभोवती टाकायचा, आपल्या पाठीमागून घ्यायचा, पुढे गाठ मारायची. मग दोराच्या आत माणूस आणि झाड, दोघंच. पाय खोडावर रोवायचे आणि मागे रेलायचं. सगळा भार पाठीवरून माझ्यावर. मग दोर वर झटकायचा, दोन पावलं चढायचं, परत रेलायचं. नवशिके चुकतात ते इथेच. त्यांना भीती वाटते, ते हातांनी झाडाला धरतात. झाडाला धरलं की घसरलात. दोरावर रेललात तर दोन्ही हात मोकळे, मग कोयता चालवा, तपकीर ओढा, खाली उभ्या असलेल्यांना चिडवा.

इबेक्वे पहिल्यांदा माझ्यावर रेलला तेव्हा मी कुरकुरलो. नवा होतो ना. तो थांबला, पाठीने मला जरा दाबलं आणि म्हणाला, "घाबरू नकोस. मीपण घाबरलोय." मित्रांनो, त्या दिवसापासून मला त्याच्या पाठीचा एकेक मणका पाठ झाला.

आमचं ताडाचं रान काही कुणी लावलेलं नाही. जुन्या लोकांनी फळं खाल्ली, बिया फेकल्या, जिथे पडल्या तिथे झाडं आली. म्हणून ते कुणा एकाचं नाही, गावाचं. आणि गावाचं सगळं त्याच्यावर. रश्श्यात तेल त्याचं, अंगणात झाडू त्याचा, कुंपण, छप्पर, साबणासाठी राख, पाहुण्याला ताडी, सगळं. लाल तेल पुरुषाचं. आतल्या बिया मात्र बाईच्या. त्या ती फोडणार, विकणार, तान्ह्याच्या अंगाला तेल काढणार, आणि त्यात नवऱ्याने बोट घालायचं नाही.

कोनफळांची लागवड झाली की रान बंद होतं. वाटेवर दोन झाडांना कोवळी पिवळी झावळी बांधतात. ती दिसली की कुणी पुढे जायचं नाही, घड पिकू द्यायचे. मग एका सकाळी लोखंडी घंटा वाजते, झावळी सुटते आणि सगळं गाव रानात घुसतं. जत्राच म्हणा. पहिले घड विधवांचे, त्यानंतर घरोघरचे. इबेक्वेला विधवांसाठी चढायचा मान होता. खाली म्हाताऱ्या उभ्या राहून हुकूम सोडायच्या.

"अरे तो काळा नको रे! पिकलेला काढ! दात गेलेत माझे, डोळे नाही गेले!"

"आजी, तूच ये की वर, दोर देतो."

"दोर देतोस? आधी तुझ्या बायकोला विचार!"

हशा व्हायचा, कारण दोर कुणी देत नाही. दात आणि दोर उसने देत नसतात, असं आमच्याकडे म्हणतात. दोराला कुणी ओलांडत नाही. आणि झाडाला बांधलेला दोर ज्याचा त्यानेच सोडायचा. दुसऱ्याने सोडला तर समजायचं, मालक मेला. हा नियम नीट लक्षात ठेवा. माझं सगळं वाटोळं त्याच्यावर झालं.

इबेक्वेला एक धाकटा भाऊ. ओन्वुका. गोड माणूस, खोटं कशाला बोलू. बाजाराच्या कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करायचा. हसला की समोरचा विसरायचा आपण कशासाठी भांडायला आलो होतो. त्यालाही चढायला इबेक्वेनेच शिकवलेलं. फक्त एक खोड त्याची कधी गेली नाही. गाठ मारली की दोराचं शेपूट तो आत खोचायचा. इबेक्वे ओरडायचा, "शेपूट बाहेर ठेव! आत खोचलं तर सुटतंय का ते दिसणार कसं?" तो म्हणायचा, "दिसायला छान दिसतं दादा." त्याचा स्वतःचाही दोर होता एकेकाळी. ओला तसाच कोपऱ्यात टाकला, वाळवीने खाल्ला.

त्या वर्षी ओन्वुकाचं लग्न ठरलं. शेजारच्या गावची एझिन्ने. सासरी पहिल्यांदा जाताना नवऱ्याने आपल्या गावच्या रानातलं ताज्या तेलाचं मडकं न्यायचं असतं. आणि रान बंद. घरात जुनं तेल होतं, पण शिळं तेल नेलं की सासरचे आयुष्यभर नाक मुरडतात. इबेक्वे म्हणाला, "थांब की रान उघडेपर्यंत." ओन्वुका म्हणाला, "थांबतो दादा." आणि हसला.

आफोच्या, म्हणजे दर चौथ्या दिवशी भरणाऱ्या बाजाराचा दिवस होता. गाव रिकामं. इबेक्वे पहाटेच कुदळ घेऊन लांबच्या शेतात गेलेला. अहुदिया भरली टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला. घरात फक्त मी, धुरात.

ओन्वुका आत आला. इकडेतिकडे बघितलं, हात वर करून मला काढलं. "थोडा वेळच," म्हणाला. मला म्हणाला की स्वतःलाच, कोण जाणे. मला वाटलं दादानेच पाठवलं असेल. घरचाच माणूस, शंका कशाला घेऊ?

रानात त्याने मला पहिल्या झाडाला टाकलं, शेपूट आत खोचलं आणि रेलला. परकी पाठ. उजवीकडे कललेली. मी धरला त्याला. मित्रांनो, मला सोडता आलं असतं का, असं मला शेळीकडचा तुकडा, बोलत होता तेव्हा, एकदा विचारत होता. नाही. दोराला सोडणं येत नाही, ते कुणी शिकवलेलंच नसतं. मी जीव लावून धरला.

दोन घड त्याने पाडले, झुडपात लपवले. तिसऱ्या झाडावर घड पाडून तो खाली येत होता. जमीन पुरुषभर खाली राहिलेली. एवढ्यात आवाज.

"कोण आहे रे तिकडे? काहीतरी धपकन पडलं!"

रानाची राखण करणारी पोरं. ओन्वुकाने गाठही सोडली नाही. अंग आकसलं, माझ्याखालून निसटला, उडी मारली आणि पळाला. मी खोडाला तसाच. मघाशी ज्याला धरलं होतं त्याची पाठ झाडीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

पोरं आली. खाली घड, वर मी. निळी चिंधी वाऱ्यावर फडफडत होती.

"हा तर इबेक्वेदादाचा दोर!"

"हात लावू नकोस. ज्याचा त्यानेच सोडायचा."

बाजार अर्ध्यावर मोडून गाव जमलं. इबेक्वेला शेतातून आणलं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. गावात सगळ्यात म्हातारे इझुओगू आजा, कानाने कमी. ते काठीवर वाकून उभे होते. गर्दीत ओन्वुका पण होता. धुतलेला सदरा घालून, कोलाची कडू बी चघळत.

"दोर सोड," आजा म्हणाले.

इबेक्वे माझ्याजवळ आला. त्याने गाठीला हात लावला आणि थांबला. शेपूट आत होतं. ते बाकीच्यांना दिसणार नाही, तेवढ्यासाठी अगदी नाकाजवळ यावं लागतं. त्याचा अंगठा त्या गाठीवरून एकदा फिरला. मला वाटलं, झालं, सुटलो! आता हा वळेल आणि बोट दाखवेल. दोराने खोटं सांगितलेलं नाही हे त्याच्याइतकं कुणाला माहीत?

त्याने मान वळवली. गर्दीत धाकट्याकडे बघितलं. धाकट्याचं चघळणं थांबलेलं.

आमच्याकडे दोनच प्रश्न विचारतात. आजांनी तेच विचारले.

"दोर कुणाचा?"

"माझा."

"गाठ कुणाची?"

इबेक्वेने मला खोडावरून काढून हातात घेतलं होतं.

"माझीच," तो म्हणाला.

मित्रांनो, मी किती झाडं चढलो याच्यासोबत. एकदा मधमाश्या उठल्या, एकदा पावसात खोड शेवाळलेलं, त्याचे दोन्ही पाय सुटले, तेव्हा नुसत्या माझ्या जोरावर तो लटकला होता. मी हूं का चूं केलं नाही. आणि याने एका शब्दात मला चोराचा दोर करून टाकलं.

शिक्षा ठरलेली असते. तीन हंगाम रानात चढायचं नाही, बायकोला बिया नाहीत, आणि दोर तोडायचा. तोडताना दोन्ही टोकं मालकाने धरायची असतात. इबेक्वेने धरली. चांगली ताणून धरली, म्हणजे एका घावात काम होईल. ती माझ्यावर दया होती असं लोक म्हणतील. मला ती तशी वाटली नाही.

घरी आल्यावर अहुदियाने माझे दोन तुकडे त्याच्या हातातून घेतले.

"मी बाजाराला निघाले तेव्हा हा धुरात होता," ती म्हणाली. "आणि तू माझ्या आधी शेतात गेला होतास. हात लांब झाले का तुझे? शेतातून आढ्यापर्यंत पोचले?"

इबेक्वे पायावरचा चिखल खरवडत राहिला.

"भावजींनी नेला ना?"

"हळू बोल."

"का? चोरी हळू झाली होती का? मी आत्ता जाते आजांकडे."

"बायकोची साक्ष धरत नाहीत. आणि त्याचं लग्न मोडेल, अहुदिया. चोराला कोण मुलगी देतं?"

"आणि चोराची बायको मी, ते चालतं?"

तो पाय धुवायला बाहेर गेला. अहुदिया चुलीसमोर बसली, माझ्यातली निळी चिंधी बोटांनी चाचपत राहिली. मला वाटलं उपटून काढेल. काढली नाही. एका तुकड्याने शेळी बांधली आणि मला परत धुरात टांगलं. धुरात टांगण्याचं आता काय कारण? चढणार कोण होतं? पण टांगलं.

ओन्वुकाचं लग्न झालं. लपवलेल्या घडांचं तेल मडक्यातून सासरी गेलं. तिकडून पाहुणे आले तेव्हा तेच तेल घातलेला रस्सा आणि कुटलेलं कोनफळ, आणि वाढायला अहुदिया. मुलीचा मामा बोटं चाटत म्हणाला, "काय लाल तेल आहे हो तुमच्या गावचं!"

"लाल आहे खरं," अहुदिया म्हणाली. "लाजून झालं असेल."

पाहुणे खो खो हसले. त्यांना वाटलं, काय विनोदी भावजय आहे. ओन्वुकाने मान खाली घालून जेवण संपवलं. इबेक्वे तर जेवलाच नाही.

मग ते तीन हंगाम. घंटा वाजायची, गाव रानाकडे पळायचं. इबेक्वे ओसरीवर बसून झाडू वळायचा. घरातर्फे चढायला आता ओन्वुका, नवा दोर घेऊन. चढणाऱ्याच्या घरच्या बाईला बिया, म्हणून बिया एझिन्नेच्या टोपलीत. अहुदिया दुसऱ्यांच्या बिया फोडायला जायची, मूठभर मोबदल्यावर. बायका तिच्यासमोर काही बोलायच्या नाहीत. तिची पाठ फिरली की निळ्या चिंधीची गोष्ट निघायची. मी आढ्यावरून अंगण ऐकतो, मला कळायचं.

आणि ओन्वुका काय वाईट वागला म्हणता? अजिबात नाही. दादाला तपकीर आणून द्यायचा, अहुदियाची पाण्याची घागर उचलून द्यायचा. एकदासुद्धा तो शब्द काढला नाही. कदाचित त्याला वाटायचं, दादाला काही कळलंच नाही. काही माणसांना असं वाटून घेता येतं.

तिसरा हंगाम संपला. चौथ्याच्या आधी इबेक्वेने नवा दोर विणला. माझ्याहून चांगला. पीळ घट्ट, रंग सोन्यासारखा. त्याला माझ्या शेजारीच धुरात टांगलं. आम्ही बोललो नाही.

घंटा वाजली. अहुदियाने मला आढ्यावरून काढून टोपलीचा फुटका काठ बांधला आणि ती टोपली डोक्यावर घेतली. असा मी त्या दिवशी रानात गेलो, टोपलीला बांधलेला. सगळं बघितलं.

इबेक्वेला परत विधवांचा मान दिला होता. म्हाताऱ्या खुशीत. त्याने नवा दोर टाकला, गाठ मारली, शेपूट बाहेर. चार पावलं चढला. आता रेलायचं. तो रेलला नाही.

त्याने झाडाला मिठी मारली.

"अरे, मिठी कसली मारतोस? बायको खाली उभी आहे!"

रान हसलं. इबेक्वेने पुन्हा प्रयत्न केला. पाठ दोराला टेकायची आणि लगेच पुढे यायची, तव्याचा चटका बसल्यासारखी. हळूहळू हसणं बंद झालं. दोर उत्तम होता मित्रांनो, त्याची काही चूक नव्हती. पण ज्याने एका दोराला खोटं पाडलं त्याला दुसरा खरा वाटणार कसा?

खालून ओन्वुका ओरडला, "दादा, रेल की! दोर धरेल तुला!"

इबेक्वेने वरून त्याच्याकडे बघितलं. मग तसाच घसरत, छाती सोलून घेत खाली आला. दोरातून बाहेर पडला आणि सरळ इझुओगू आजांसमोर जाऊन उभा राहिला.

"आजा, तो दुसरा प्रश्न परत विचारा मला."

"कुठला?" आजांनी कानाला हात लावला.

"निळ्या चिंधीच्या दोराचा. दुसरा प्रश्न."

आजांना आठवायला वेळ लागला, बाकी सगळ्यांना नाही. म्हाताऱ्याने काठी सरळ केली.

"गाठ कुणाची?"

"माझी नव्हती."

नाव त्याने घेतलं नाही. घ्यायची गरज पडली नाही. ओन्वुका स्वतःच्या पायांकडे बघत होता आणि सगळं गाव ओन्वुकाकडे. मग पहिली हलली ती त्याची बायको एझिन्ने. लग्नाच्या वेळी त्या तेलाचं कौतुक तिच्या मामानेच केलं होतं. तिने आपली टोपली उचलली, अहुदियाच्या पुढे आणून ठेवली.

अहुदियाने टोपलीकडे बघितलं. "तुझ्याच आहेत गं त्या," ती म्हणाली. "माझ्या होत्या त्या तीन हंगामांत कधीच फोडून झाल्या."

ओन्वुकाने शेवटी तोंड उघडलं. "दादा, मी सांगणारच होतो..."

"माहीत आहे," इबेक्वे म्हणाला. "मीपण."

तो झाडाकडे परतला. दोरात शिरला, चार पावलं चढला आणि रेलला. पूर्ण. दोन्ही हात सोडून. नवा दोर कुरकुरला आणि इबेक्वे त्याला काहीतरी म्हणाला. इतक्या लांबून ऐकू आलं नाही, पण काय म्हणाला असेल ते मला माहीत आहे. मलाच म्हणाला होता ते.

त्याला मोकळं वाटलं असेल. गावालाही वाटलं. आजांनी अहुदियाला वेगळा घड दिला, म्हाताऱ्यांनी तिच्या गालांना हात लावले. मी टोपलीच्या काठाला होतो. मला कुणी काही म्हटलं नाही. चोराचा दोर नव्हतो मी, हे कळल्यावर एकानेही चिंधीला बोट लावलं नाही.

मित्रांनो, दोर ओला असेल तर कोपऱ्यात टाकू नका, धुरात टांगा. वापरून झाल्यावर पीळ तपासा. हे तर कुणीही सांगेल. मी एवढंच जास्तीचं सांगतो. आम्हाला तोंड नसतं. दोर, कोयता, शिडी, मडकं, कुणालाच नसतं. म्हणून माणसाला लपवायचं झालं की दोष आमच्या गळ्यात टाकणं सोपं जातं. तसं करू नका. आणि गाठ कुणाची असं कुणी विचारलं, तर पहिल्यांदा विचारल्यावरच खरं सांगा. उशिरा सांगितलेलं पण खरंच असतं, मी नाही म्हणत नाही. माणसं त्याने जुळत असतील. दोर जुळत नाही. तुटलेल्या दोराला गाठ मारून त्यावर कुणी चढत नसतं.

इबेक्वे मात्र परवा आला होता चुलीपाशी. घरी कुणी नव्हतं. त्याने मला काढलं, पाठीमागून घेतलं आणि पुढे दोन्ही टोकं जुळतात का बघत राहिला. जुळणार कशी? त्याने मला तसंच पाठीवर दाबून धरलं आणि जरासा मागे रेलला. मी धरलं. जेवढा उरलोय तेवढ्याने धरलं.

मग त्याने मला परत टांगलं, धुराच्या बाजूला. बाहेर शेळी ओरडत होती.